उच्च न्यायालयातून निर्दोष सुटका झाली. भरपाईसाठी शासनाला नोटीस कधी, कुणाला आणि कशी द्यायची?

तालुका_कोर्ट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी फौजदारी बाजू पाहते, दिवाणी कामाची सवय कमी आहे, म्हणून इथे विचारते.

पक्षकार शेतमजूर. खुनाच्या गुन्ह्यात सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली होती. उच्च न्यायालयाने अपील मंजूर करून निर्दोष मुक्त केलं, त्याला आज अडीच महिने झाले. एकूण ९ वर्षं २ महिने तुरुंगात. निकालात स्पष्ट लिहिलंय की हत्यार जप्तीचा पंचनामा विश्वासार्ह नाही आणि पंचाच्या सह्या पोलीस ठाण्यात कोऱ्या कागदावर घेतल्याचं उलटतपासात आलंय.

जिल्हाधिकारी कार्यालयात भरपाईचा साधा अर्ज दिला होता. ‘सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं. सरकारी वकील तोंडी सांगतात की शासनाचं सर्वोच्च न्यायालयात जायचं चाललंय, तोपर्यंत थांबा. थांबावं का? दिवाणी दावा बरा की रिट (उच्च न्यायालयात थेट याचिका)? रक्कम कशावर मांडायची?

---

कैफियत_आणि_दरखास्त

ताई, थांबू नका. अशा प्रकरणांत सगळ्यात जास्त नुकसान या ‘थांबा’नेच होतं. सांगणाऱ्याच्या मनात वाईट असेलच असं नाही, पण मुदत त्याची चालू नसते, तुमची चालू असते.

मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ७४ प्रमाणे द्वेषमूलक खटल्याच्या (आकसाने, वाजवी कारणाशिवाय चालवलेल्या खटल्याच्या) भरपाईचा दावा निर्दोष सुटल्यापासून एका वर्षात लावायचा. बेकायदा बंदिवासासाठी अनुच्छेद ७३, तिथेही एक वर्ष, बंदिवास संपल्यापासून. शासनाच्या अपिलाने ही मुदत आपोआप थांबेल असं धरून चालू नका. आणखी एक चूक नेहमी होते. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस अपिलात वजा होतात, दाव्यात होत नाहीत. मुदत कायद्याचं कलम १२ दाव्याला ती सवलत देत नाही. ‘नक्कल चार महिन्यांनी मिळाली, म्हणून चार महिने जास्त’ हा हिशोब दावा बुडवतो.

वजा होतो तो नोटिशीचा काळ, कलम १५(२) खाली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे शासनाला दोन महिन्यांची नोटीस लागते, ते दोन महिने मुदतीत धरत नाहीत.

पण खरा खड्डा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये आहे. पोलीस अधिकाऱ्याने कर्तव्याच्या नावाखाली किंवा कर्तव्याची मर्यादा ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा कृत्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत हवा, आणि त्याआधी त्या अधिकाऱ्याला किमान एक महिन्याची नोटीस हवी. सरकारी वकिलाच्या कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) पहिल्या पानावर हाच आक्षेप असतो. खोटा पंचनामा म्हणजे कर्तव्य नव्हेच, असं आपल्याला वाटतं. पण सर्वोच्च न्यायालयाने विरूपाक्षप्पा खटल्यात (एआयआर १९६३), याच कलमाखाली, खोटा पंचनामा करणं हे कर्तव्याच्या नावाखालीच केलेलं कृत्य धरलं आणि पोलिसाला संरक्षण दिलं. उलट वेणुगोपाल खटल्यात (एआयआर १९६४) मद्रासच्या तशाच तरतुदीखाली, कोठडीतल्या मारहाणीचा कर्तव्याशी संबंध नाही, म्हणून संरक्षण नाही, असं ठरलं. तुमच्या प्रकरणात पंचनामाच मध्यभागी आहे, म्हणजे पहिला निकाल तुमच्याविरुद्ध वाचला जाणार.

म्हणून पवित्रा असा ठेवा. दाव्याचं कारण पंचनाम्याच्या दिवशी नव्हे, तर निर्दोष सुटकेच्या दिवशी पूर्ण झालं असं म्हणायचं, कारण खटला वादीच्या बाजूने संपल्याशिवाय द्वेषमूलक खटल्याचा दावाच उभा राहत नाही. आणि तरीसुद्धा सुटकेपासून सहा महिन्यांच्या आतच दावा दाखल करायचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी सुरक्षित. अडीच महिने गेलेत. या आठवड्यात नोटीस गेली तर दोन महिने संपतात तेव्हा तुम्ही पावणेपाच महिन्यांवर असता. पुढच्या महिन्यात गेली, तर सहा महिन्यांची कड गाठता गाठता तारांबळ. अगदीच उशीर झाला, तर कलम ८०(२) खाली न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा लावता येतो, पण तिथे तातडी दाखवावी लागते आणि पैशाच्या दाव्यात तातडी दाखवणं कठीण.

---

मंत्रालय_सहावा_मजला

नोटिशीबद्दल शासकीय बाजूने सांगतो.

तुमचा जिल्हाधिकाऱ्यांकडचा अर्ज ‘संबंधित नाही’ म्हणून परत आला, कारण तो अर्ज होता. कलम ८० ची नोटीस घ्यायला मात्र जिल्हाधिकारी कार्यालय कायद्यानेच सक्षम आहे. शासनाच्या सचिवाच्या कार्यालयात किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, कुठेही दिली तरी चालते. मी दोन्हीकडे द्यायला सांगेन: एक गृह विभागाच्या सचिवांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. तपास अधिकाऱ्याला स्वतंत्र, त्याच्या नावाने आणि हुद्द्याने, त्यात कलम १६१ चा उल्लेख करून. त्याची बदली झालेली असणारच, सध्याचं ठिकाण पोलीस अधीक्षक कार्यालयातून आधी विचारून घ्या.

विषयाच्या ओळीतच ‘दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ८० खालील नोटीस’ असं लिहा. नाहीतर आवक शाखा तिला तक्रार अर्ज म्हणून नोंदवते आणि ती निवेदनांच्या गठ्ठ्यात जाते. आत चार गोष्टी हव्यातच: वादीचं पूर्ण नाव, वर्णन आणि राहण्याचा पत्ता, दाव्याचं कारण, कोणती दाद मागता, किती रक्कम. ‘योग्य ती भरपाई द्यावी’ एवढ्यावर फाईल हलत नाही. कक्ष अधिकाऱ्याला टिपणीत आकडा लिहावा लागतो, आकडा नसेल तर तो त्रुटीचं पत्र काढतो आणि महिना जातो.

हातपोच दिली तर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख तुमच्या प्रतीवर घ्या. ‘इथे ठेवून जा, पोच नंतर मिळेल’ असं म्हटलं तर न ठेवता रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. आवक क्रमांक हाती असला की पुढे माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर फाईल कोणत्या टेबलावर आहे हे विचारता येतं.

पुढचा प्रवास साधारण असा: कार्यासन, अवर सचिव, उपसचिव, तिथून पोलीस अधीक्षकांकडे मुद्देनिहाय अभिप्रायासाठी, ते आल्यावर विधी व न्याय विभागाचं मत, रक्कम द्यायची झाली तर वित्त विभाग. बहुतेक फाइली अधीक्षक कार्यालयात अडकतात, कारण अभिप्राय ज्या पोलीस ठाण्याकडून मागवतात त्याच ठाण्याच्या तपासावर आक्षेप असतो. यावर उपाय एकच: निकालातले ते परिच्छेद, परिच्छेद क्रमांकासह, नोटिशीत जसेच्या तसे उतरवा. मग ठाण्याला ‘आरोप निराधार आहेत’ असं लिहिता येत नाही, कारण तो आरोप तुमचा राहत नाही, उच्च न्यायालयाचा निष्कर्ष होतो. विधी विभागातला माणूस प्रथम तेच वाचतो.

दोन महिन्यांत उत्तर न येणं हे सर्रास आहे. स्मरणपत्रांत वेळ घालवू नका. उत्तर न येणं म्हणजे दाव्याचा रस्ता मोकळा.

---

रिट_बाजू

दिवाणी दाव्याबद्दल वर दिलेलं सगळं बरोबर आहे, पण माझ्या मते या प्रकरणात आधी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिटचा विचार व्हावा. कारण सांगतो.

निर्दोष सुटका तीन प्रकारची असते आणि शासनाचे वकील त्या प्रकारावरच आपला पवित्रा ठरवतात. पहिला, पुरावा कमी पडला, संशयाचा फायदा मिळाला. इथे रिट जवळजवळ उभी राहत नाही. दुसरा, न्यायालय स्वतः म्हणतं की पुरावा रचलेला आहे किंवा दडवलेला आहे. तिसरा, सुटकेचा आदेश होऊनही माणूस आत ठेवला. रुदल साह खटला हा तिसरा प्रकार: १९६८ मध्ये निर्दोष, १९८२ मध्ये बाहेर. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिलेले ५,००० धरून एकूण ३५,००० रुपये दिले आणि दिवाणी दाव्याचा हक्क राखून ठेवला. पुढे १९९३ च्या नीलाबती बेहरा निकालाने पक्कं केलं की मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल रिटमध्ये भरपाई मागताना शासनाला सार्वभौम संरक्षणाचा (शासनावर भरपाईचा दावाच चालत नाही, असा) बचाव घेता येत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत जवळचा निकाल ५ मार्च २०१९ चा. नाशिकच्या खटल्यातले भटक्या जमातीचे सहा जण, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावलेली. तो निकाल मागे घेऊन पुन्हा सुनावणी झाली आणि सर्व निर्दोष ठरले. सुमारे १६ वर्षं तुरुंगात. न्यायालयाने प्रत्येकी ५ लाख रुपये चार आठवड्यांत सत्र न्यायालयात जमा करायला सांगितले आणि चुकीच्या तपासाला जबाबदार अधिकारी शोधून कारवाई करायलाही गृह विभागाला सांगितलं. भरपाई त्याच निकालात मिळाली, वेगळा दावा लावावा लागला नाही. ज्यांची अपिलं अजून सुनावणीत आहेत त्यांनी हे लक्षात घ्यावं: अंतिम युक्तिवादाच्या लेखी टिपणातच भरपाईची मागणी घाला. आणि १६ वर्षांनी ५ लाख भागा, दिवसाला ८६ रुपयेसुद्धा होत नाहीत. हा आकडा शासन मानदंड म्हणून पुढे करेल. तो दिलासा होता, नुकसानीचं मोजमाप नव्हतं, हे ठामपणे मांडा.

उलट बाजूने २०१६ चा दाखला येईल. अक्षरधाम मंदिर हल्ल्याच्या खटल्यातून २०१४ मध्ये सुटलेल्यांची भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऐकली नव्हती. प्रत्येक सुटकेमागे भरपाई देऊ लागलो तर घातक पायंडा पडेल, हे कारण. याला उत्तर म्हणजे तुमचा निकाल दुसऱ्या प्रकारात बसवणं. शासनाच्या शपथपत्रात ‘वादग्रस्त तथ्यं आहेत, दिवाणी न्यायालयात जा’ हे वाक्य येणारच. म्हणून याचिकेत एकही नवीन आरोप करू नका. मारहाण झाली, पैसे मागितले, वगैरे पक्षकार सांगेल आणि ते खरंही असेल, पण निकालात नसेल तर रिटमध्ये घालू नका, दाव्यासाठी ठेवा. फक्त कोऱ्या कागदावरच्या सह्या आणि तुरुंगातले दिवस, एवढ्यावर याचिका उभी करा.

आपल्याकडे कायदा नसल्यामुळे हे सगळं करावं लागतं. विधी आयोगाने २७७ व्या अहवालात, २०१८ मध्ये, चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी विशेष न्यायालयं आणि फौजदारी प्रक्रिया संहितेत स्वतंत्र प्रकरण सुचवलं होतं. १ जुलै २०२४ ला तिच्या जागी नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात ते नाही. आहे ते कलम ३९९: विनाकारण अटक करायला लावणाऱ्याकडून जास्तीत जास्त १,००० रुपये. आणि कलम २७३, ते दंडाधिकाऱ्यांपुढच्या खटल्यांना, फिर्यादीविरुद्ध. तुमच्या प्रकरणाला दोन्ही लागू नाहीत. एक हजार रुपयांचं कलम २०२४ मध्ये तसंच उतरवावं, याचा राग येतो.

---

कैफियत_आणि_दरखास्त

रिटला विरोध नाही, पण रिट लावली म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही. रिट दोन वर्षांनी ‘दिवाणी न्यायालयात दाद मागा’ म्हणून निकाली निघाली तर मुदत कायद्याचं कलम १४ (चुकीच्या न्यायालयात गेलेला काळ वजा करण्याची सवलत) मागत बसावं लागेल, आणि ते मिळेलच असं नाही. नोटीस आजच, रिटचा मसुदा समांतर. दावा लावायची वेळ आली तर लावा आणि रिटमध्ये तसं उघड सांगा, लपवू नका. निर्दोष सुटल्याचा फौजदारी निकाल दाव्यात फक्त ‘सुटका झाली’ एवढंच सिद्ध करतो, हेही ध्यानात ठेवा. वाजवी कारण नव्हतं आणि द्वेष होता, हे वादीलाच नव्याने सिद्ध करावं लागतं, म्हणजे पंचाला पुन्हा साक्षीला आणणं आलं.

---

तालुका_कोर्ट

सगळ्यांचे आभार. नोटिशीचा मसुदा उद्याच करते. आणखी तीन अडचणी. सरकारी वकिलांनी आज अनौपचारिक विचारलं की ठरावीक रकमेवर मिटवाल का. पक्षकाराचं नाव निकालात ‘ऊर्फ’ लावून आहे आणि आधारवर वेगळं. आणि त्याच्याकडे फीला पैसे नाहीत, मिळालेल्या रकमेतून टक्के घ्या म्हणतो.

---

जामीनदार_आणि_दाखले

टक्के घेऊ नका. वकील परिषदेच्या नियमात निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला मनाई आहे. शासनाच्या बाजूने कुणी तक्रार केली तर पक्षकाराचं कामच अडतं. माफक फी ठरवून हप्ते करा, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील घ्या. कोठडीतला माणूस म्हणून मिळणारी पात्रता सुटल्यावर संपते, मग उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला लागतो. कोर्ट फी मागणीच्या रकमेवर लागते, तेव्हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन वादी म्हणून अर्ज करा. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला आणि मालमत्तेची खरी यादी जोडा. यादीत एक म्हैस लपवली म्हणूनही अर्ज नामंजूर होऊ शकतो.

कागद आत्ताच गोळा करायला लागा, कारण काही कागद नष्ट होणार आहेत. तुरुंग अधीक्षकांकडून बंदिवासाचा दाखला घ्या: प्रवेशाची तारीख, सुटकेची तारीख, मधल्या संचित (फर्लो) आणि अभिवचन (पॅरोल) रजा दिवसांनिशी. रजा लपवू नका, शासनाकडे नोंद असतेच आणि एक दिवस चुकला की सगळा तक्ता संशयास्पद होतो. तुरुंगातल्या कामाचा मोबदला किती जमा झाला त्याचा उतारा. तुरुंग रुग्णालयाचे केसपेपर. सत्र न्यायालयातून पंचनामे, पंचाचा उलटतपास, रोजनामा यांच्या प्रमाणित नकला. मुद्देमाल अपिलाची मुदत संपली की नष्ट करतात, तो राखून ठेवण्याचा अर्ज सत्र न्यायालयात द्या. ठाणे दैनंदिनी जपून ठेवावी, हे नोटिशीतच लिहून मागा.

रकमेचा तक्ता वर्षनिहाय करा. त्या त्या वर्षी शेतमजुरीचा अधिसूचित किमान दर, कामाचे दिवस, बुडालेली मजुरी. त्याखाली वकिलांची फी आणि कुटुंबाचा तुरुंगभेटीचा प्रवास, पावत्या असतील तेवढाच. विकलेली जमीन किंवा जनावर असेल तर सातबारा, फेरफार किंवा बाजार समितीची पावती. हे सगळं वेगळं आणि स्वातंत्र्य, बदनामी, आरोग्य यांची रक्कम वेगळी. एकच गोळाबेरीज आकडा दिला की सरकारी बाजू तो कापायला अर्ध्यापासून सुरुवात करते. तक्ता दिला की एकेका रकान्यावर बोलावं लागतं.

नावाचं आजच करा. निकाल, अटक पंचनामा, तुरुंग दाखला, आधार, बँक पासबुक, पाच कागद समोर ठेवून फरक लिहून काढा. ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं शपथपत्र आणि गरज वाटली तर राजपत्रात नाव नोंद. वर्षानुवर्षं न वापरलेलं बँक खातं बंद पडलेलं असतं, केवायसी करून चालू करा. रक्कम परत जाण्याचं हे सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

---

मंत्रालय_सहावा_मजला

मिटवण्याबद्दल. सरकारी वकिलाला स्वतःहून रक्कम कबूल करायचा अधिकार नसतो, त्यामुळे तोंडी आकड्याला किंमत नाही. ‘प्रस्ताव लेखी द्या, विभागाची मान्यता असेल तर विचार करू’ एवढंच उत्तर द्या, आणि कमीत कमी रक्कम कधीही पहिल्यांदा तुम्ही सांगू नका.

तडजोड झालीच तर ती पत्रावर होऊ देऊ नका. दाव्यात तडजोड पुरसीस (तडजोडीचं लेखी निवेदन) दाखल करून हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) घ्या, किंवा लोकअदालतीत निवाडा. याचं कारण पैशाच्या मुळाशी आहे. न्यायालयाचा निकाल किंवा हुकूमनामा भागवण्यासाठी लागणारी रक्कम राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२(३) प्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीवरचा भारित खर्च असते, तिच्यावर विधानसभेत मतदान होत नाही. नुसत्या कार्यालयीन आदेशाने कबूल केलेली रक्कम दत्तमत (विधानसभेने मतदानाने मंजूर केलेल्या) अनुदानातून द्यावी लागते आणि मग ‘तरतूद उपलब्ध नाही’ हे उत्तर सुरू होतं. हुकूमनाम्यानंतरही तेच उत्तर आलं तर हा अनुच्छेद लिहून पत्र द्या. पूरक मागणी येईपर्यंत आकस्मिकता निधीतून अग्रिम घेता येतो, हे त्यांना माहीत असतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २७, नियम ५ब प्रमाणे शासन पक्षकार असलेल्या दाव्यात तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे. पहिल्या तारखेलाच त्यावर अर्ज द्या, म्हणजे विभागाला लेखी भूमिका घ्यावी लागते.

---

रिट_बाजू

शासन सर्वोच्च न्यायालयात गेलं तरी नुसतं अपील म्हणजे स्थगिती नव्हे. विशेष अनुमती याचिकेला ९० दिवसांची मुदत आहे, तुमचे अडीच महिने झालेत, म्हणजे ती मुदत संपत आलीय. ताबडतोब कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा अर्ज) दाखल करा. स्थगिती आली तर तिचे शब्द वाचा. मुंबईच्या २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ ला बारा जणांना निर्दोष ठरवलं, २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जावं लागलं नाही. निकाल पूर्वदाखला म्हणून वापरू नये, एवढाच तिचा रोख होता.

---

कैफियत_आणि_दरखास्त

हुकूमनाम्यानंतरचं एक राहिलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ प्रमाणे शासनाविरुद्धची दरखास्त (वसुलीचा अर्ज) हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीन महिने रक्कम न भरल्यासच चालते, आधी लावली तर परत येते. त्या तीन महिन्यांत व्याज चालू राहावं म्हणून कलम ३४ खालचं व्याज हुकूमनाम्यातच लिहून घ्या. रिटचा आदेश असेल तर अवमान याचिकेची मुदत एक वर्ष.

रक्कम न्यायालयात जमा झाली की काढण्याचा अर्ज पक्षकाराच्या सहीने किंवा अंगठ्याने, ओळख तुमची, आणि पैसे थेट त्याच्या खात्यात. वकिलाच्या खात्यावर मागू नका. नाझरकडे (न्यायालयातला पैशांचे व्यवहार पाहणारा कर्मचारी) पावतीवर सही करण्याआधी मजकूर वाचून दाखवा. रिटमधली रक्कम घेताना ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द असतील तर खोडून ‘दाव्यातील हक्क राखून’ असं लिहा. हेरगिरीच्या खोट्या प्रकरणात अडकवलेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख दिले तेव्हा त्यांचा दिवाणी दावा चालूच राहिला, आणि तो दावा मिटवताना केरळ शासनाने पुढे आणखी १ कोटी ३० लाख दिले.

ताई, नोटिशीचा मसुदा नावं काढून इथे टाकलात तर आज रात्री वाचून देतो.